न दुखणारा चट्टा आणि काचेतली नस

करमाळ्याहून आम्ही तुमच्याशी बोलतोय. तुमच्यापैकी कुणी आत्ता शेंगा फोडत असाल, कुणी बचत गटाचं रजिस्टर उघडून बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज आपण दुखण्याबद्दल बोलणार आहोत. कंबर दुखते, गुडघे दुखतात, ऊस तोडताना पाचटाने हात चिरतात. दुखणं आपल्याला नवं नाही, आणि ते नकोसंच वाटतं. पण दुखणं कायमचं गेलं तर काय होतं, हे माणसाला एका जुन्या रोगाने दाखवलं. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. आणि दुखणं नेमकं कुठून येतं, कुठे हरवतं, हे शोधताना शास्त्रज्ञांनी उंदराच्या पाठीच्या कण्याजवळच्या पेशी काचेच्या ताटलीत जिवंत ठेवायला शिकून घेतलं. त्या शोधाचा एक मोठा तुकडा आपल्या मुंबईत घडलाय. आज त्याचा इतिहास सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. तव्यावरची भाकरी उलटताना बोटाला चटका बसला तर हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर तोंडातून निघतं. असं का? आपल्या कातडीत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात, उसाच्या मुळ्या मातीत पसराव्या तशी. त्यांनाच आपण बोलताना नसा म्हणतो. चटका बसला की त्या टोकातून निरोप निघतो. हा निरोप नेणाऱ्या पेशींची मुख्य घरं मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, बारीक गाठींमध्ये असतात. तिथून निरोप मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूत जातो. मज्जारज्जू मेंदूला विचारत बसत नाही. ‘हात काढ’ असा हुकूम तो तिथूनच माघारी पाठवतो आणि खबर वर मेंदूकडे धाडतो. खबर मेंदूला पोचली की मग आपल्याला दुखतं. गावाच्या वेशीवर जागल्या असतो ना, तसं हे काम चालतं. चोर दिसला की तो आधी आरोळी ठोकतो, पाटलाला निरोप मागाहून.

कुष्ठरोगात हा जागल्याच मुका होतो.

आपल्या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत कुष्ठाचं वर्णन करताना कातडी सुन्न होण्याचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांनी हे लक्षण फार पूर्वी हेरलं होतं. पण रोग कशामुळे होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी त्याला पाप म्हटलं, मागच्या जन्माचं देणं म्हटलं, घराण्याला लागलेला शाप म्हटलं. माणसं गावाबाहेर टाकली गेली. त्यात बाईची गत आणखी वाईट. पुरुषाला रोग झाला तर बायको त्याच्या मागे जायची. बाईला झाला तर ती एकटीच निघायची.

१८७३ मध्ये नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे जंतू दिसले. तेव्हा कळलं की हा शापही नाही आणि आईबापाकडून मुलाला मिळणारं वाणही नाही. क्षयाच्या जंतूंचीच ही भाऊबंदकी. पण त्या जंतूची एक खोड होती. क्षयाचा जंतू बाटलीत वाढवता येतो, हा वाढतच नाही. आजही त्याला नुसत्या अन्नरसावर वाढवणं कुणाला जमलेलं नाही. शरीराबाहेर जो जगत नाही, त्याचा अभ्यास करायचा कसा, हा मोठा पेच होता.

दुसरा पेच बोटांचा. रोग्याची बोटं झडतात, मांस कुजतं, असंच सगळे धरून चालले होते. १९४६ नंतर तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाच्या शल्यचिकित्सकांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले. बोटं आपोआप झडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. जंतू मज्जातंतूंमध्ये शिरतो आणि दुखणं बंद पाडतो. मग माणूस गरम पातेलं तसंच धरून ठेवतो, पायात काटा घेऊन दिवसभर चालतो, जखम चिघळली तरी त्याला पत्ता लागत नाही. काही रुग्णांची बोटं रात्रीत कमी झालेली दिसायची. पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडून जातात आणि माणसाला जागही येत नाही. मग ब्रँड यांनी रुग्णांना घरी मांजर पाळायला दिलं. मैत्रिणींनो, उंदीर कुरतडतोय हेही ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी दुखणं हे केवढं मोठं राखण होतं, याचा विचार करा.

आता खरा प्रश्न उभा राहिला. जंतू मज्जातंतूत शिरून तिथे करतो काय? जिवंत माणसाची नस उघडून रोज पाहता येत नाही. मेलेल्या माणसाच्या नसेत सगळं घडून गेलेलं असतं. मग नसच शरीराबाहेर जिवंत ठेवता आली तर?

त्या कामाची सुरुवात आधीच झाली होती. १९०७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला एक इवलासा तुकडा घेतला. ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, तो हा भाग. तो त्यांनी बेडकाच्याच अंगातल्या रसाच्या थेंबात ठेवला आणि थेंब काचेला उलटा टांगला. त्या थेंबात पेशीतून धागा फुटून पुढे सरकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मोड आलेल्या मटकीतून शेपूट निघावं तसा. नसेचा लांब धागा एका पेशीतूनच वाढतो, हे त्याने सिद्ध झालं. शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या शास्त्राची पायाभरणी अशी मज्जापेशीनेच झाली.

पुढचा मोठा टप्पा एका बाईने गाठला. इटलीतल्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं. त्या ज्यू होत्या. १९३८ मध्ये तिथल्या सरकारने ज्यू लोकांना विद्यापीठात काम करायला बंदी केली. तेव्हा रीताबाईंनी आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून त्यांनी बारीक पाती केली. शहरावर बाँब पडायला लागले तशा त्या घरच्यांसोबत खेड्यात राहायला गेल्या. तिथे शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून त्या कोंबडीची फळलेली अंडी मागून आणायच्या. त्या अंड्यांतल्या पिल्लांच्या नसा कशा वाढतात आणि कशा मरतात, हे त्या सुयांच्या पात्यांनी उलगडून पाहायच्या.

युद्ध संपल्यावर त्या अमेरिकेत गेल्या. १९५२ मध्ये त्या गाठ आलेले दोन उंदीर सोबत घेऊन ब्राझीलला हेर्ता मायर या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पोचल्या. तिथे त्यांनी काचेत पिल्लाच्या मज्जागाठीशेजारी उंदराच्या त्या गाठीचा तुकडा ठेवला. एका दिवसात मज्जागाठीभोवती धाग्यांचं कडं उगवलं, सूर्याभोवती खळं पडतं तसं. त्या तुकड्यातून असं काहीतरी पाझरत होतं जे नसांना वाढवत होतं. पुढे तो पदार्थ सापडला आणि त्याबद्दल त्यांना व त्यांचे सहकारी स्टॅनली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. या पदार्थाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण आपल्या गुडघ्यांशी त्याचा संबंध आहे.

आता मुंबईकडे वळू. कमलाभवानीच्या गावातून आम्ही आता एका कमलबाईंची गोष्ट सांगतोय. कमल समर्थ १९१७ मध्ये पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, मुलगी हुजूरपागेत शिकली. पुढे तिने शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं, तेही आपल्या सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी कर्करोगावर काम केलं आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग त्या बाल्टिमोरला गेल्या, त्याच जॉन्स हॉपकिन्सला, जिथे हॅरिसन यांनी तो थेंब टांगला होता. तिथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी काचेत वाढल्या. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. त्यांच्यामुळे कितीतरी औषधांचा अभ्यास झाला. पण त्या घेताना त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. विज्ञानाचं मोल मोजताना ही बाजूही आपण लक्षात ठेवायची.

कमलबाई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ही अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशींना लागणारा अन्नरसही त्यांच्या चमूने इथेच तयार करायला घेतला. खानोलकर तेव्हा कर्करोगासोबत कुष्ठरोगाचाही अभ्यास करत होते. कातडीतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये हे जंतू अगदी सुरुवातीपासून कसे सापडतात, हे त्यांनी दाखवलं होतं. मग असा विचार झाला की जंतूला नसच आवडते, तर त्याला नसेच्याच पेशी खायला-राहायला देऊन पाहू. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मणक्यालगतच्या मज्जागाठींतल्या पेशी काचेत वाढवल्या आणि रुग्णाच्या गाठीतले जंतू त्यांच्यावर सोडले. त्यातून एक जंतू वाढला. पुढच्या तपासणीत तो खऱ्या कुष्ठजंतूचा जवळचा पण वेगळा भाऊबंद निघाला. तरी काम वाया गेलं नाही. त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरची एक लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणीही झाली.

दुसरं नाव डॉ. नोशीर अँटिया यांचं. हे प्लास्टिक सर्जन. विलायतेतून शिकून आल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांचे वाकडे हात सरळ केले, बसलेली नाकं उभी केली. पण हात सरळ केला तरी गेलेली संवेदना परत येत नव्हती. ती जातेच का, हे शोधायला त्यांनी मुंबईत वैद्यकीय संशोधनाची एक संस्था उभी केली, फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च. तिथे रमा मुखर्जी, पी. आर. महादेवन आणि अँटिया यांनी उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या मणक्यालगतच्या मज्जागाठी काचेत वाढवल्या. हे काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या गाठींतून धागे फुटले, धाग्यांभोवती त्यांना गुंडाळणाऱ्या पेशी जमल्या. विजेच्या तारेला प्लास्टिकचं वेष्टण असतं, तसं काम या पेशी करतात. मग त्यात कुष्ठजंतू सोडले. जंतू नेमके या वेष्टणाच्या पेशींत शिरले. त्या पेशी लगेच मेल्या नाहीत, पण त्यांची वाढायची, दुप्पट व्हायची गती मंदावली. म्हणजे जंतू घर पाडत नाही, गवंड्याला काम करू देत नाही. मग नस झिजते आणि तिची डागडुजी होत नाही. बाहेरून चट्टा दिसायच्या आधीच आत हे सुरू झालेलं असतं.

हे काम करतात कसं, ते थोडं सांगतो, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरासारखीच शिस्त आहे. मज्जारज्जूतल्या पेशी वाढवायच्या तर आज बहुतेक ठिकाणी मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरिणीच्या पोटातली, पूर्ण दिवस न भरलेली पिल्लं घेतात. मोठ्या उंदराच्या पेशींचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की सोडवताना तुटतात. कोवळ्या पेशी सुट्या होतात आणि रुजतात. रोप लहान असताना उपटून लावलं तर जगतं, झाड झाल्यावर नाही, हे आपल्याला सांगायला नको. मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली काढून बारीक चिरतात. पचनाच्या रसासारख्या एका पदार्थात थोडा वेळ ठेवून पेशी सुट्या करतात. ताटलीला आधी चिकट लेप दिलेला असतो, कारण मज्जापेशीला धरायला काहीतरी लागतं. मग ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत, पेटीत ठेवतात. दर थोड्या दिवसांनी अन्नरस बदलतात, तोही सगळा नाही, अर्धाच. एका बुरशीच्या कणाने सगळं नासतं, म्हणून हात, भांडी, हवा सगळं निर्जंतुक. विरजण लावताना भांडं उष्टं चालत नाही, त्याच्या शंभरपट सोवळं.

एक-दोन दिवसांत धागे फुटतात. दोन-तीन आठवड्यांत पेशी एकमेकींना धागे जोडून निरोप देऊ-घेऊ लागतात. पेशी जागी झाली की चमकेल असा रंग आत घालतात आणि मग औषधाचा थेंब सोडून पाहतात की कोण चमकतं, कोण गप्प होतं.

इथे कुणी विचारेल, त्या ताटलीतल्या पेशीला दुखत असेल का? नाही. तिथे फक्त निरोप असतो. दुखणं जाणवायला मेंदू लागतो. पण ज्या उंदरिणीची पिल्लं घेतली तिचा जीव जातो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. त्याखाली प्रयोगशाळेला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक प्रयोगासाठी समितीची परवानगी घ्यावी लागते. पेशी ताटलीत वाढवता आल्यामुळे एका उंदरावर अनेक चाचण्या होतात आणि जिवंत उंदरांना होणारा त्रास कमी होतो, हाही या तंत्राचा एक उपयोग आहे. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. ते देशभरातल्या प्रयोगशाळांना वाढवलेल्या पेशी पुरवतं.

या कामातून कुष्ठरोगापलीकडेही बरंच कळलं. मिरची कांडताना हाताची आग होते. हात भाजलेला नसतो, तरी भाजल्यासारखं का वाटतं? १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मज्जागाठींतून याचं उत्तर काढलं. आपल्या नसांच्या टोकांवर एक बारीक दार असतं. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की ते उघडतं आणि ‘भाजलं’ असा निरोप जातो. मिरचीतला तिखट पदार्थ तेच दार उघडतो. म्हणून जिभेला मिरची आणि निखारा एकाच भाषेत बोलतात. ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मिरचीच्या त्याच पदार्थाची मलमं आणि पट्ट्या काही प्रकारच्या नसांच्या दुखण्यावर वापरतात, कारण दार सारखं उघडून उघडून ती नस थकते आणि गप्प होते.

गुडघा आपटला की आपण तो चोळतो. त्यामागेही विज्ञान आहे. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला एक फाटक आहे. स्पर्शाचा निरोप आला की ते फाटक थोडं लोटलं जातं. आई पडलेल्या लेकराला चोळते, फुंकर घालते, ते उगीच नाही.

आणि आता गुडघ्यांची गोष्ट. रीताबाईंनी शोधलेला तो नसा वाढवणारा पदार्थ दुखणंही वाढवतो. मग औषध कंपन्यांनी विचार केला की त्यालाच बांधून टाकलं तर? तसं इंजेक्शन तयार झालं, गुडघेदुखीच्या रुग्णांना दिलं, दुखणं खरोखर कमी झालं. पण काही जणांचे सांधे झपाट्याने झिजले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागारांनी २०२१ मध्ये त्याच्या विरोधात मत दिलं आणि ते औषध बाजारात आलं नाही. मैत्रिणींनो, वेल्लोरच्या वॉर्डात जे दिसलं होतं, त्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. जागल्याचं तोंड पुरतं बांधलं की घर उघडं पडतं. म्हणून संशोधक आता दुखणं पुसून टाकायचा नाही, तर फुकटची आरोळी बंद करून खरी आरोळी राखायचा मार्ग शोधतायत. आपणही दुकानातून दुखण्याची गोळी रोज घेण्याआधी दुखतंय का, हे दाखवून घेतलं पाहिजे.

आता प्रयोगशाळेतून गावात येऊ. डॉ. अँटिया काचेतल्या नसेवर थांबले नाहीत. लवकर ओळखलं तरच नस वाचते, आणि लवकर ओळखणारं माणूस मुंबईत नाही, गावातच असतं, हे त्यांना पटलं होतं. सत्तरच्या दशकात अलिबागजवळ मांडव्याच्या परिसरात त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. कुणी दोन यत्ता शिकलेली, कुणी शाळेत न गेलेली. या बायकांनी क्षय आणि कुष्ठरोग ओळखायला सुरुवात केली. १९७५ मध्ये त्यांनी लोकांच्या आरोग्यासाठी वेगळी संस्था काढली. पुढे पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यात गावोगावच्या ‘ताई’ अशाच तयार झाल्या. कमलबाई रणदिवेही प्रयोगशाळेत अडकून राहिल्या नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. १९७३ मध्ये त्यांनी इतरांसोबत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली होती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आज औषध आहे. १९८१ पासून जगभर दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, तिला एमडीटी म्हणतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची. औषध सुरू झालं की रुग्णापासून इतरांना रोग लागण्याचा धोका लवकरच संपतो. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. पण रोग संपलेला नाही. आणि औषध जंतू मारतं, मेलेली नस जिवंत करत नाही. म्हणून उशीर हाच खरा शत्रू.

उशीर का होतो? कारण चट्टा दुखत नाही. दुसरं कारण भीती. ‘सासरी कळलं तर?’ म्हणून पदराआड चट्टा झाकणाऱ्या बायका अजून आहेत. ही भीती हवेतून आलेली नव्हती. हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांमध्ये कुष्ठरोग हे नवराबायकोला वेगळं करायचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये संसदेने ते काढून टाकलं. आता कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत नाही. ही ओळ आपल्या गटात मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बाईने ऐकायला हवी, ती तिथेच बसलेली असू शकते.

मग आपण काय करायचं? महिन्यातून एकदा, अंघोळीच्या वेळी, सगळं अंग पाहायचं. पाठ एकमेकींची पाहायची. फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, तिथे घाम येत नाही. कानाच्या पाळीवर गाठी, कातडी जाड आणि तेलकट चमकणारी. करंगळी वाकायला लागली, भाकरी थापताना हाताची पकड सैल झाली, चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही. यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. तिथे डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने किंवा कापसाने चट्ट्यावर स्पर्श करून पाहतात. तुम्हाला कुठे स्पर्श झाला ते बोट ठेवून दाखवायचं. एवढीच परीक्षा. सुई नाही, कापाकापी नाही.

ज्यांची नस आधीच गेली आहे, त्यांनी डोळ्यांना जागल्या करायचं. चुलीवरचं भांडं फडक्याने धरायचं. रोज रात्री तळवे पाहायचे, पाण्यात भिजवून तेल लावायचं. उसाच्या रानात अनवाणी जायचं नाही. अशा पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला सरकारी दवाखान्यातून मिळतात, त्या मागून घ्यायच्या.

बेडकाच्या थेंबापासून मुंबईच्या काचेपर्यंत, हे सगळं काम एकच प्रश्न विचारत आलं: नस कधी गप्प होते आणि तिला वेळेत कसं वाचवायचं? पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर प्रयोगशाळेने दिलं. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर गावात आहे, एकमेकींची पाठ पाहणाऱ्या बायकांकडे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयाला द्या. काही विचारायचं असेल तर आशाताईंमार्फत किंवा आमच्याकडे चिठ्ठी पाठवा, पुढच्या वेळी उत्तर देऊ. तोवर जपून राहा, आणि दुखलं तर दुर्लक्ष करू नका. न दुखणाऱ्या चट्ट्याकडे तर मुळीच नाही. नमस्कार.